विजेच्या तारांखालची झाडी कशी सांभाळायची: ठाणे-नवी मुंबईत नव्याने या कामाला लागलेल्यांसाठी

मे महिना आला की आमच्याकडे नवीन पोरं येतात, कोणी कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर म्हणून, कोणी डिप्लोमा संपवून ट्रेनी म्हणून, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच, सर आज किती झाडं तोडायची? मी पण असाच आलो होतो त्यामुळे हसत नाही. माझं पहिलं काम पारसिक डोंगराच्या नवी मुंबईकडच्या उतारावर होतं, एका लाईनखाली चार गाळे (दोन टॉवरच्या मधला भाग म्हणजे एक गाळा) नुसतं सुबाभूळ. बारा माणसं लावून सहा दिवसांत सगळं साफ केलं, गुडघ्याएवढे खुंट ठेवले, फोटो काढले, बिल टाकलं, खूश झालो. पुढच्या मे मध्ये तिथेच गेलो तर एकेका खुंटाला सहा-सात फुटवे आणि प्रत्येक फुटवा माझ्या दुप्पट उंच. म्हणजे जिथे एक झाड होतं तिथे मी सात करून आलो होतो, आणि त्याचे पैसे पण घेतले होते.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. यातलं बरंचसं नवीन नाहीये. शेतकी कॉलेजवाल्यांना एकात्मिक कीड व्यवस्थापन माहीत असतं, म्हणजे कीड दिसली की लगेच फवारा मारायचा नाही, आधी ओळखायची, मोजायची, नुकसानीच्या पातळीच्या वर जातेय का बघायचं, आणि मग हाताने, अवजाराने, मित्रकिडीने, शेवटी लागलंच तर औषधाने, असं सगळं मिळून आवरायची. हा विचार १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कीटकशास्त्रज्ञांनी नीट मांडला. तारांखालच्या झाडीला तोच हिशोब लागू होतो, फक्त आपली कीड म्हणजे उंच होणारं झाड, आणि तेही सगळीकडे नाही, चुकीच्या जागी आलेलं.

पायरी १: आधी लाईन कोणाची, कितीची, आणि चालू आहे का

कोयत्याला हात लावायच्या आधी हे तीन प्रश्न. खांबावर किंवा टॉवरवर नंबर आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं ते वाचा. उंच जाळीचे टॉवर असतील तर बहुतेक ट्रान्समिशनची लाईन, म्हणजे ११०, १३२, २२०, ४०० केव्ही (किलोव्होल्ट), कळवा-ऐरोलीच्या बाजूला तर कुठेही मान वर केली तरी दिसतात. साधे खांब असतील तर ११ किंवा २२ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून भागात वीज आणणारी लाईन, नाहीतर घरगुती एलटी, म्हणजे कमी दाबाची. सिडकोच्या नोडमध्ये बरंचसं जमिनीखालून गेलंय त्यामुळे वाशी-नेरूळला राहणाऱ्या पोरांना वाटतं हे काम नसेलच, पण एमआयडीसी, गावठाणं, ठाण्याच्या पाड्यांचा भाग, येऊर, डोंगर, सगळीकडे तारा डोक्यावरूनच आहेत.

आता परमिट, म्हणजे लाईन बंद आहे, काम करा अशी लेखी परवानगी, ज्याला फील्डवर लाईन क्लिअर घेणं म्हणतात. फोनवर कोणी 'बंद केलंय रे, चढ' म्हणालं तर चढायचं नाही, कागदावर परमिट, दोन्ही बाजूंनी स्विच ओपन झालेला दिसला पाहिजे, लाईन टेस्ट झाली पाहिजे, आणि कामाच्या दोन्ही अंगाला अर्थिंग लागलं पाहिजे. हे सगळं अधिकृत लाईनमनचं काम आहे, झाडी कापणाऱ्यांचं नाही, तुमचं काम आहे ते झालंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. लाईन बंद असली तरी कोणाच्या तरी जनरेटरमधून किंवा इन्व्हर्टरमधून उलटा सप्लाय येऊ शकतो, एमआयडीसी पट्ट्यात तर नक्कीच धरून चाला, म्हणून अर्थिंग.

आणि हो, झाड तारेला टेकायची वाट करंट बघत नाही, उच्च दाबाच्या तारेजवळ नुसतं गेलं तरी उडी मारतो. ओली फांदी, हिरवा बांबू, ॲल्युमिनियमची शिडी, लांब दांड्याचा लोखंडी आकडा, यातलं काहीही चालू तारेजवळ नेणं म्हणजे स्वतःच तारेला हात लावणं. एक मुकादम मला म्हणाला होता, साहेब लाकडातून करंट जात नाही. वाळलेल्या लाकडातून कमी जातो, पावसात भिजलेल्यातून मस्त जातो.

दुसरा धोका कोणी सांगत नाही तो म्हणजे आग्या मोहोळ. टॉवरवर आणि मोठ्या झाडावर दोन्हीकडे असतं, करवत चालू केली की खालची सगळी माणसं पळत सुटतात आणि उतारावर पळताना हातपाय मोडतात. आधी दुर्बिणीतून नाहीतर मोबाईलच्या झूमने वर बघा. गवतात फुरसं आणि घोणस असतातच, बूट घाला, स्लिपरवर आलेल्या माणसाला घरी पाठवा, त्याची हजेरी गेली तरी चालेल.

पायरी २: झाड ओळखा

ही पायरी सगळे टाळतात आणि इथेच सगळा खेळ आहे. तारांखाली जे हिरवं दिसतं त्याचे मी मनात तीन गट करतो.

पहिला गट, उंच आणि घाईत वाढणारे. सुबाभूळ, नीलगिरी, सोनमोहर, गुलमोहर, रेन ट्री, ग्लिरिसिडिया, पिंपळ, आणि बांबू. यात सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया कापले की फुटतातच, आणि सुबाभळाचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत पडून राहतं, त्यामुळे झाड मेलं तरी काम संपलं असं नाही. बांबूची गोष्ट अजून वेगळी, तो मे मध्ये मोजला तर सगळं ठीक वाटतं, पण जून-जुलैत नवीन कोंब येतात आणि एकाच पावसाळ्यात पूर्ण उंचीला जातात, म्हणजे मे मधलं माप सप्टेंबरला कचऱ्यात. बांबूची बेटं तारेच्या खाली असतील तर पावसाळ्यात कोंब हाताएवढे असतानाच मोडायचे, येऊरकडचे लोक हे कोंब, ज्यांना वास्ते म्हणतात, भाजी करून खातात, त्यांना सांगितलं तर ते आनंदाने नेतात आणि तुमचं काम बिनपैशात होतं.

दुसरा गट, बुटकी मंडळी. करवंद, धायटी, मुरुडशेंग, दिंडा, निर्गुडी, अडुळसा, गवतं. डोंगरावर असाल तर कारवी, जी सात वर्षांनी एकदा फुलते. ही तुमची माणसं आहेत. यांना तोडणारा माणूस मी साईटवर ठेवत नाही. का ते सहाव्या पायरीत सांगतो.

तिसरा गट, परदेशी घुसखोर पण बुटके, म्हणजे घाणेरी, रानमोडी, गाजरगवत. हे तारेला लागत नाहीत, पण रानमोडी आणि घाणेरी वाळली की वणव्याला चारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पारसिकवर आणि येऊरच्या बाजूला जे वणवे लागतात ते लाईनखाली आले की धूर आणि गरम हवेमुळे तारांतून जमिनीकडे किंवा तारेतून तारेत ठिणगी जाऊ शकते. म्हणून यांचा विचार करायचा, पण झाडांइतकी घाई नाही.

नारळ आणि ताड वेगळे काढून ठेवा. त्यांना शेंडा एकच, तो छाटला की झाड मेलं. नारळाची छाटणी हा प्रकार नसतो, झावळ्या काढता येतात, पण वाढतं झाड तारेखाली असेल तर एक तर झाड जाणार नाहीतर तार हलणार, आणि हा निर्णय तुमच्या लेव्हलचा नाही, रिपोर्ट करा आणि पुढे चला.

पायरी ३: मोजा, पण अंतर नाही, वेळ मोजा

पर्यावरण मंत्रालयाच्या जंगलातल्या लाईनसाठीच्या सूचनांमध्ये लाईनच्या पट्ट्याची रुंदी दिलेली आहे, ११ केव्हीला ७ मीटर, १३२ ला २७, २२० ला ३५. आणि झाड आणि तार यात कमीत कमी किती अंतर हवं तेही, १३२ केव्हीला ४ मीटर, २२० ला ४.६, ४०० ला ५.५. तुमच्या कंपनीचा स्वतःचा तक्ता असेल तर तोच पाळा, तो सहसा जास्त कडक असतो.

नवीन माणूस काय करतो, ४.६ आकडा पाठ करतो आणि ५ मीटर अंतर दिसलं की ओके टिक मारतो. चूक. तार एका जागी नसते. मे मधल्या दुपारी लोड जास्त, ऊन जास्त, तार तापते, लांब होते आणि खाली झुकते. वाऱ्यात आडवी डोलते. गाळ्याच्या मधोमध झुक सगळ्यात जास्त असते, टॉवरजवळ सगळ्यात कमी, त्यामुळे तेच झाड टॉवरजवळ चालून जाईल आणि मध्यावर धोक्याचं ठरेल.

उदाहरण देतो. २२० केव्हीची लाईन, नोव्हेंबरात सकाळी मोजलं. सुबाभळाचं टोक आणि तार यात अंतर ८ मीटर. वर्षभरात ते झाड अडीच मीटर तरी वाढणार धरा, उन्हाळ्यात तार अजून १ मीटर खाली येणार धरा. ८ वजा ३.५, राहिले ४.५, म्हणजे ४.६ च्या आत, म्हणजे हे झाड आत्ताच कामाच्या यादीत. शेजारी एक करंज आहे, त्याचं अंतर फक्त ६.५ मीटर, पण तो वर्षाला अर्धा मीटर वाढतो, ६.५ वजा १.५ म्हणजे ५, तो या वर्षी सोडला तरी चालेल. बघा, लांबचं झाड कापायचं आणि जवळचं सोडायचं. शेतीत याला नुकसानीची पातळी म्हणतात, किडीचा आकडा कुठे पोचला की हात उचलायचा, आपल्याकडे पुढच्या फेरीपर्यंत झाड कुठे पोचेल ते बघून हात उचलायचा. वाऱ्याच्या डोलण्यासाठी कडेच्या झाडांना वेगळं मार्जिन ठेवा, ते इंजिनियरकडून गाळ्यानुसार घ्या, अंदाजाने नको.

यातलं गांभीर्य पटत नसेल तर १४ ऑगस्ट २००३ आठवा. अमेरिकेत ओहायोमध्ये ३४५ केव्हीच्या तारा लोडने झुकल्या, न छाटलेल्या झाडांना लागल्या, एकामागून एक लाईन ट्रिप झाल्या आणि बाकीच्या गडबडींची भर पडून अमेरिका-कॅनडाचे मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. झाडं काही राक्षसी नव्हती, वेळेवर कोणी बघितली नव्हती एवढंच.

मोजायचं कसं? लेझर असेल तर उत्तम. नसेल तर काठीची युक्ती, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी सरळ उभी धरायची, झाडाचा बुंधा मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी जुळेपर्यंत मागे सरकायचं, मग तुमच्यापासून झाडापर्यंतचं जमिनीवरचं अंतर म्हणजे झाडाची उंची. सपाटीवरच बरोबर येते, पारसिकच्या उतारावर फसवते, तिथे झाडाच्याच पातळीवर, बाजूला उभं राहून मोजा. तारेकडे टेप, काठी, बांबू काहीही वर करून मोजायचं नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण मी हे करताना माणूस पाहिलाय.

पट्ट्याच्या बाहेरची उंच झाडं पण बघायची. तारेवर पडू शकेल एवढं उंच आणि आजारी असलेलं झाड पट्ट्यात नसलं तरी तुमचंच. गुलमोहराला मुळं वरवर असतात आणि आपल्याकडे बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक नाहीतर काँक्रीट ओतायची खोड आहे, बुंध्याशी अळंबीसारखे कडक फळ्या-फळ्यांचे छत्र दिसले तर आत कुजलंय समजा. रेन ट्रीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आणि वाळत चाललेल्या फांद्या दिसल्या तर तोही यादीत.

पायरी ४: परवानगी

कंटाळवाणी पायरी, पण इथे अडकलात तर काम महिनाभर लटकेल. शहर हद्दीत महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे, म्हणजे ठाण्यात ठाणे महापालिकेचा, नवी मुंबईत नवी मुंबई महापालिकेचा वृक्ष प्राधिकरण विभाग. फांद्या छाटायच्या असल्या तरी विचारायचं. ५० वर्षांवरची झाडं २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज धरली जातात, तिथे नियम अजून कडक. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे वन विभाग. एमआयडीसीत त्यांचं वेगळं. म्हणून पहिला प्रश्न, ही जागा कोणाच्या हद्दीत?

खाजगी जागेतलं झाड आड येत असेल आणि मालक ऐकत नसेल तर भांडत बसू नका, विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ मध्ये कंपनीने अर्ज केला की कार्यकारी दंडाधिकारी झाड हटवायचा आदेश देऊ शकतात, आणि झाड लाईनच्या आधीपासूनचं असेल तर मालकाला भरपाईही आहे. हे मालकाला शांतपणे सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात, कारण त्यांना वाटत असतं की तुम्ही फुकटात तोडायला आलात.

एकदा घणसोली गावठाणात एका आजींचा शेवगा अकरा केव्हीखाली होता आणि त्या दारात उभ्या, हात लावाल तर बघा. मी म्हटलं आजी तोडत नाही, शेंगा संपल्या की कमरेएवढ्या उंचीवर छाटू, शेवग्याला छाटणी मानवते, नवीन फांद्यांना शेंगा चांगल्या आणि हाताशी येतात. पुढच्या वर्षी त्यांनीच फोन केला, बाळा यायचा नाही का छाटायला. हे प्रत्येक झाडाला लागू होत नाही पण बोलायच्या आधी कोयता काढू नका.

पायरी ५: हत्यारं, सोप्यापासून

रोपं हाताने उपटणं सगळ्यात स्वस्त. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर माती मऊ असते, जून अखेर ते जुलै, तेव्हा वीतभर सुबाभूळ मुळासकट येतं. हेच ऑक्टोबरात शेंडा हातात राहतो आणि मूळ आत. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं रिकामी बसलेली असतात आणि मे मध्ये पुरत नाहीत, मग हे काम जुलैत का नाही काढत हे मला अजून कोणी समजावलं नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये रेट झाडामागे असतो, बोटाएवढ्या रोपाला रेट नाही, म्हणून.

मोठं सुबाभूळ कापायचं तर जमिनीलगत कापा. फुटवे येणारच, ते गुडघ्याएवढे झाले आणि पानं पूर्ण उघडली की लगेच मोडा, तेव्हा मुळातला साठा पानं काढण्यात खर्च झालेला असतो आणि परत भरलेला नसतो. असं दोन-तीन वेळा केलं की बरेच खुंट दम सोडतात. शेंगा तपकिरी व्हायच्या आत कापा, नाहीतर कापता कापता तुम्हीच बी पेरताय.

बकऱ्या. हो, खरंच. सुबाभळाची कोवळी पानं आणि फुटवे बकऱ्यांना प्रचंड आवडतात. डोंगरपायथ्याच्या वस्त्यांमध्ये बकऱ्या पाळणारे आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं तर कापलेल्या पट्ट्यात ते कळप फिरवतात. फक्त नवीन लावलेल्या करवंदात किंवा वनखात्याच्या हद्दीत बकऱ्या नेऊ नका, भलतंच होईल.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबूंच्या टीमने एक पद्धत काढली, आणि ती भारी आहे. झुडूप वरून कापायचं नाही, मुख्य मूळ जमिनीच्या ३ ते ५ सेंटीमीटर खाली कुदळीने तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं वर. परत रुजत नाही, आणि माती फार उकरली जात नाही त्यामुळे नवीन तणाला जागा मिळत नाही. गाजरगवताला झायगोग्रामा नावाचा मेक्सिकन भुंगा खातो, १९८४ मध्ये बेंगळुरूला पहिल्यांदा सोडला गेला, तो पावसाळ्यात काम करतो आणि कोरड्या दिवसांत मातीत झोपतो, म्हणून त्याच्यावर सगळं सोडून चालणार नाही, पण दिसला तर त्या तुकड्यावर औषध मारू नका, तो फुकटचा मजूर आहे. गाजरगवत उपटायचंच तर फुलायच्या आधी आणि हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते आणि काहींना कायमची ॲलर्जी होते.

मोठ्या झाडाची छाटणी. शेंडा सपाट कापू नका, 'गोल डोकं' केलं की खाली बारीक फांद्यांचं जंगल येतं आणि त्या कमकुवत असतात, पहिल्या वादळात तारेवर. तारेकडे जाणारी फांदी मागे जिथे दुसऱ्या फांदीला फुटते तिथपर्यंत काढा, म्हणजे झाड तारेपासून दूर वाढायला शिकतं. जड फांदीला तीन काप, आधी खालून थोडा, मग जरा बाहेरून वरून, फांदी पडली की उरलेला ठोंब बुंध्याजवळच्या फुगवट्याच्या बाहेर, फुगवटा कापायचा नाही, जखम त्याच भागातून भरते. आणि घरटी बघा, कावळ्यांची मे-जूनमध्ये असतात म्हणजे नेमकी आपल्या मान्सूनपूर्व गडबडीत, म्हणूनच मोठं काम मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढतो.

औषध, म्हणजे तणनाशक, शेवटी. मी विरोधक नाही पण चाहता पण नाही. ग्लायफोसेटबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत, त्यामुळे बिगाऱ्याच्या पाठीवर पंप देऊन फवारायचे दिवस गेले. लायसन्सवाला माणूस, लेबलवर जे लिहिलंय तेवढंच, तिथेच. फवारण्यापेक्षा ताज्या खुंटावर ब्रशने लावणं कमी औषधात जास्त काम करतं, पण कापल्यावर काही मिनिटांच्या आत, आणि सालीलगतच्या बाहेरच्या कड्याला, मधल्या लाकडाला लावून फायदा नाही. पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर अखेर-ऑक्टोबरात, जेव्हा रस खाली मुळांकडे जात असतो तेव्हा चांगलं. माझी एक चूक सांगतो, ढगाळ दिवशी वाऱ्यात फवारणी करू दिली, दोन तासांत पाऊस आला, झुडपं तशीच राहिली आणि खालच्या अंगाला एका माणसाची पपईची बाग पिवळी पडली. भरपाई माझ्या खिशातून गेली आणि तेव्हापासून खाडी, नाला, विहीर, भाजीची वाडी यांच्या जवळपास पंप नाहीच.

पायरी ६: जागा मोकळी सोडू नका

आता दुसऱ्या गटाची गोष्ट. १९५३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शिकाऱ्यांनी ओरड केली की लाईनखाली औषध मारून हरणं-ससे जातील, म्हणून ब्रॅम्बल आणि बर्न्स या दोघांनी तिथल्या जमिनीवर पट्टे पाडून वेगवेगळ्या पद्धतींची तुलना सुरू केली, ती दशकानुदशकं चालली. त्यातून कळलं की दाट बुटक्या झुडपांचा आणि गवताचा गालिचा तयार झाला की उंच झाडांच्या रोपांना डोकं वर काढायला ऊन आणि जागाच मिळत नाही. तारेच्या बरोबर खाली गवत आणि लहान झुडूप, कडेला जरा मोठी झुडपं, अशी दोन पट्ट्यांची आखणी त्यातूनच आली.

आपल्याकडे काय होतं, जेसीबी लावून सगळं खरवडतात, लाल माती उघडी पडते, पहिल्या पावसात ती वाहून जाते आणि ऊन लागलेल्या मोकळ्या मातीत सगळ्यात आधी काय येतं? सुबाभूळ आणि रानमोडी. उतारावर टॉवरचा पाया उघडा पडतो ते वेगळंच. आपल्या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उघडा उतार टिकत नाही.

म्हणून करवंद, धायटी, मुरुडशेंग वाचवा. मी काम सुरू करायच्या आधी ठेवायच्या झुडपांना लाल कापडाची पट्टी बांधतो, तोडायच्या झाडांना नाही, कारण मुकादमाला 'पट्टीवालं सोडून बाकी बघ' सांगणं सोपं आहे. जिथे काहीच उरलं नाही तिथे जुलैत करवंद, निर्गुडी लावा, निर्गुडीच्या काड्या पण लागतात. पहिली दोन वर्षं तुम्हाला फरक दिसणार नाही, उलट साहेब विचारेल एवढी झाडी का ठेवली. तेव्हा करवंद जास्तीत जास्त किती उंच होतं ते दाखवा आणि तार किती वर आहे ते दाखवा. एका गाळ्यावर तिसऱ्या वर्षी मला बारा माणसांच्या जागी चार लागली, तिथे करवंद मस्त पसरलं होतं, आणि एप्रिलमध्ये डब्यात करवंदं घेऊन पोरं घरी गेली.

टॉवरच्या पायापाशी आणि पायवाटेवर मात्र मोकळं ठेवा, पेट्रोलिंगवाल्याला चालायला आणि फॉल्ट आल्यावर शिडी लावायला जागा पाहिजे.

पायरी ७: खाडीकडे वेगळा नियम

ऐरोली, घणसोली, वाशी, कळव्याच्या खाडीत टॉवर कांदळवनात उभे आहेत. तिवर, चिपी दिसली की कोयता म्यान. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही त्यात आला. त्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वरच्या लोकांनी रीतसर परवानगी आणल्याशिवाय तिथे एक फांदीही नाही, औषध तर नावच नको. तुम्ही फक्त अंतर मोजा, फोटो काढा, टॉवर नंबरसकट रिपोर्ट द्या. भरती-ओहोटीची वेळ बघून आत जा, चिखलात अडकलेला माणूस काढायला दोन तास गेलेले आहेत आमचे.

पायरी ८: कापलेल्याचं काय

तारेखाली पेटवायचं नाही, कारण वर सांगितलंच. रस्त्याच्या कडेला ढीग ठेवून गेलात तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी काडी लावतो नाहीतर नाला तुंबतो आणि फोन तुम्हाला येतो. जाड लाकूड कोणाचं, जागेच्या मालकाचं की पालिकेचं की वनखात्याचं, हे आधीच लिहून घ्या, याच्यावरून मारामाऱ्या झाल्यात. बारीक फांद्या उतारावर आडव्या ठेवल्या तर माती अडते, फक्त शेंगा लागलेल्या सुबाभळाच्या फांद्या तिथे ठेवू नका.

पायरी ९: वही

मोबाईल ॲप वगैरे छान आहे पण डोंगरात रेंज जाते. वहीत गाळ्याला एक पान. खांब किंवा टॉवर नंबर, तारीख, वेळ आणि ऊन होतं का ढगाळ, कोणतं झाड, तारेपासून किती, काय केलं, काय सोडलं आणि का सोडलं. 'का सोडलं' हा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढच्या वर्षी दुसरा सुपरवायझर येऊन तुमचं करवंद साफ करून टाकतो. माझी फेरी अशी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्ण सर्व्हे, हिवाळ्यात मोठं काम, मार्चमध्ये वणव्यासाठी वाळकं झुडूप, मे मध्ये फक्त राहिलेलं आणि तुटकं, जुलैत रोपं उपटणं आणि लावणं. आपल्याकडे शटडाऊन, म्हणजे कामासाठी लाईन बंद करून मिळणं, बरेचदा शुक्रवारी मिळतो, त्याप्रमाणे माणसं आधीच सांगून ठेवा, गुरुवारी रात्री फोन करून कोणी येत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर सबस्टेशनचा नंबर, परमिट देणाऱ्याचं नाव आणि जवळच्या सरकारी हॉस्पिटलचा नंबर मोठ्या अक्षरात. आणि शेवटच्या पानावर किती झाडं कापली याच्या शेजारी, त्याच गाळ्यात गेल्या वर्षी किती कापली होती तो आकडा. माझ्या पारसिकच्या त्या चार गाळ्यांचं पान अजून आहे, पहिल्या वर्षी ३१०, मग ४८०, मग पद्धत बदलल्यावर २६०, ११०, आणि गेल्या हिवाळ्यात ३७.